झोपून नॉर्मल, पळताना नाही

मी लहान मुलांच्या हार्ट विभागात ट्रेडमिल टेस्ट करते, बारा वर्षं झाली, पण तो एक दिवस डोक्यातून जात नाही.

सकाळी पहिलाच एक नऊ वर्षांचा मुलगा. झोपवून ईसीजी काढला तर दर तीन-चार ठोक्यांनी एक एक्स्ट्रा ठोका, आईचा चेहरा पार उतरलेला. त्याला पळवला, हार्ट रेट 140 च्या पुढे गेला आणि एक्स्ट्रा ठोके गायब! थांबल्यावर थोड्या वेळाने आले परत. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल होता त्यामुळे डॉक्टर निवांत, म्हणाले खेळू द्या बिनधास्त.

मग ती आली. अकरा वर्षांची, पळताना दोनदा बेशुद्ध पडलेली. कुणी फिट म्हणालं, कुणी अशक्तपणा, एका नातेवाइकाने तर नाटकं म्हणून सोडून दिलं. फाइलमध्ये तीन ईसीजी, तिन्ही क्लीन, इको पण छान. खरं सांगते, मलाही वाटलं काही निघणार नाही.

एवढीशी पोर, छातीवर इलेक्ट्रोड लावायला जागाच पुरेना, घामाने सुटू नयेत म्हणून वरून जाळीचं बनियन चढवलं. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन, शेजारी, डॉक्टर खोलीत. ब्रूस प्रोटोकॉल, म्हणजे दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा स्पीड आणि चढ दोन्ही वाढतात. पहिली स्टेज मजेत गेली. दुसरीत रेट 120 च्या आसपास स्क्रीनवर पहिला रुंद, म्हणजे बिघडलेला एक्स्ट्रा ठोका दिसला, मग एकाआड एक, मग जोड्या, आणि मग एकाचं टोक वर एकाचं खाली, वर खाली वर खाली... पुस्तकात पाहिलेलं, स्क्रीनवर पहिल्यांदाच. डॉक्टर "थांबव" म्हणेपर्यंत माझा हात बटणावर होता. आणि ही हसतेय, "मावशी, मी दमले नाहीये अजून!"

झोपवलं, दोनेक मिनिटांत ईसीजीची पट्टी परत नॉर्मल, फाइलमधल्या त्या तिन्हींसारखीच.

सीपीव्हीटी, हृदयाच्या ठोक्यांचा एक धोकादायक आजार. यात हृदयाच्या पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याला गळती असते, पळताना किंवा घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढलं की ती वाढते आणि ठोके बिघडतात. मग झोपवून कितीही ईसीजी काढा, काय दिसणार त्यात?

बाबा ती पट्टी हातात धरून विचारत होते, "म्हणजे आधीचे रिपोर्ट चुकीचे होते का हो ताई?" चुकीचे नव्हते हो, पण हे त्यांना कसं समजावायचं तेच मला सुचेना.

बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध, त्याच दिवशी सुरू, पळणं-पोहणं बंद. हे घराण्यात असू शकतं म्हणून धाकट्या भावालाही बोलावलं. जाताना तीच मला सांगत होती, तो माझ्यापेक्षा जोरात पळतो.