ट्रायलचे पैसे कोण भरतं, हे विचारलं तेव्हा

आईचा स्तनाचा कॅन्सर उलटला, तेव्हा डॉक्टरांनी ट्रायलचं, म्हणजे औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याचं, सुचवलं. नवीन औषध, पदरचा पैसा नाही, तपासण्याही फुकट. घरी काका लगेच म्हणाले, "फुकट म्हणजे प्रयोगच करणार." मला वेगळाच प्रश्न पडला. एवढे पैसे कोण भरतंय, आणि त्याला यातून काय जाणून घ्यायचंय?

को-ऑर्डिनेटर मॅडमनी मराठीतलं माहितीपत्रक हातात दिलं आणि सही नंतर करा, आधी घरी वाचा, असं बजावलं. त्यात प्रायोजक म्हणून एका परदेशी औषध कंपनीचं नाव होतं, शिवाय सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक. सीटीआरआय ही आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेने 2007 पासून चालवलेली ट्रायल्सची नोंदवही, सगळ्यांना खुली. नव्या औषधांच्या ट्रायल्स तिथे नोंदवणं 2009 पासून सक्तीचं आहे. क्रमांक टाकला की पैसा कुणाचा, किती पेशंट, तुलना कोणत्या औषधाशी, एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित जपलं जातंय का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, सगळं दिसतं. मजकूर इंग्रजीत आहे, पण कॉलेजला जाणारं कुणी घरात असेल तर जमतं.

मी सगळ्यात जास्त वेळ एकाच रकान्यावर थांबले: ट्रायल नेमकं काय मोजणार. तिथे होतं, आजार पुन्हा वाढेपर्यंत किती महिने जातात. पेशंट एकूण किती जगतो, हे दुय्यम. हे कुणी ठरवलं, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "आराखडा कंपनीकडून येतो. आम्ही पेशंट घेतो, नोंदी ठेवतो."

माझी आत्तेबहीण नर्स आहे. तिने मला टाटा मेमोरियलच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दात काढताना बधिर करायला देतात तेच. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली 11 केंद्रांत 1,600 बायकांवर हे तपासलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत 86.4 टक्के होतं, दिलेल्यांत 90.1 टक्के. पैसा अणुऊर्जा विभागाचा, म्हणजे आपल्या करांचा. लिग्नोकेनचं पेटंट कधीच संपलंय, मग कोणती कंपनी त्यावर वर्षानुवर्षं खर्च करेल? म्हणून अशा संशोधनाला सरकारने आणखी सढळ हाताने पैसा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

तरी आम्ही कंपनीच्याच ट्रायलला हो म्हटलं. आईच्या टप्प्यावर दुसरं चांगलं औषध आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि कंपनीने पैसा घातला नसता तर हेही औषध आलं नसतं. सहीआधी मात्र तीन गोष्टी स्पष्ट करून घेतल्या. ट्रायलमुळे इजा झाली तर 2019 च्या सरकारी ट्रायल नियमांप्रमाणे उपचार मोफत, आणि भरपाई प्रायोजकाची. आई कधीही बाहेर पडू शकते, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. तिसरा प्रश्न आईचा होता: गुण आला, तर ट्रायल संपल्यावर औषध मिळेल का? डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली तर मिळू शकतं, असं उत्तर आलं. आईने ते माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं, डॉक्टरांची त्याखाली सही घेतली, आणि मग स्वतःची केली.