आमची वाटचाल : एक ट्रेलर, एक पिट आणि प्राइमचा वाद

वसईला आमच्या घरी रविवारी मिस्साहून परतताना आई मोठ्याचं मटण घेऊन यायची. खाटीक सुरी पुसत विचारायचा, "बाय, काय देऊ?" आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "काय पण दे, सीना नको. तीन शिट्ट्या दिल्या तरी रबरच." आज ह्यूस्टनच्या पश्चिमेला, कॅटीजवळ, आमचा एक ट्रेलर उभा असतो आणि त्याचं सगळं पोट या सीन्यावर चालतं. इकडे त्याला ब्रिस्केट म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिलं एवढंच म्हणाली, "लोकांना पैसे देऊन रबर खायला घालतेस?"

आई चुकीची नव्हती. गाईबैलाला गळ्याजवळ आपल्यासारखं हाड नसतं. पुढच्या अंगाचा भार छातीचे स्नायू पेलतात, म्हणून ते दिवसभर राबतात आणि चिवट होतात. ती चिवटाई म्हणजे कोलॅजन. ते मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की जिलेटिन होतं, आणि मग तोच तुकडा बोटाने तुटतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत हे जमत नाही, आणि मंद आचेवर त्याला अख्खी रात्र लागते.

आमच्या धंद्याची सुरुवात मात्र गरजेतून झाली. 2016 च्या सुरुवातीला कच्च्या तेलाचा भाव तीस डॉलरच्याही खाली गेला आणि ह्यूस्टनमध्ये घराघरात माणसं मोकळी झाली. माझा नवरा तेलविहिरींच्या सामानाचं फॅब्रिकेशन बघायचा, तोही घरी बसला. हात रिकामे ठेवणं त्याला जमत नाही. त्याने एक जुनी 250 गॅलनची प्रोपेनची टाकी आणली आणि अंगणात कापायला घेतली. (आधी ती पाण्याने काठोकाठ भरली. आत वायू राहिला आणि ठिणगी पडली तर टाकीचा बॉम्ब होतो. शेजारचे आजोबा तरीही कुत्रा घेऊन घरात गेले आणि दार लावून बसले.) बाजूला लाकूड जाळायचा फायरबॉक्स, दुसऱ्या टोकाला धुराडं, मध्ये मांस. इथे याला ऑफसेट स्मोकर म्हणतात, आणि बोलताना नुसतं 'पिट'.

शिकायला आम्ही लॉकहार्टला गेलो. टेक्सासच्या विधिमंडळाने त्या गावाला राज्याची बार्बेक्यूची राजधानी म्हणून मान दिलेला आहे. तिथलं क्रॉइत्स मार्केट 1900 सालचं. नाव जर्मन असलं तरी गावातले लोक 'क्राइट्स' म्हणतात. मूळचं ते खाटकाचंच दुकान. दिवसभरात न विकलेलं मांस धुरावर ठेवायचं आणि कागदावर वजनाने विकायचं, ही इथल्या जर्मन आणि चेक खाटकांची रीत. आपण सुके बोंबील आणि करंदी वाळवतो त्यातलाच हिशेब. आम्ही कागदावर हाताने खाल्लं. परतीच्या दीडशे मैलांत नवरा एकच वाक्य परत परत बोलत होता, "मीठ, मिरी आणि लाकूड, बाकी काही नाही."

पुढची दोन वर्षं शनिवार-रविवारची गेली. आधी ओळखीच्यांच्या पार्ट्या, मग परवाना, मग जुना ट्रेलर. मी वसईला बँकेत होते, त्यामुळे वही माझ्याकडे आणि आग त्याच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. आमची खरी भांडणंही या वाटणीतूनच झाली. पहिलं मोठं भांडण प्राइमवरून.

इथे गोमांसाला सरकारी प्रत लागते. प्राइम सगळ्यात वर, खाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. ही प्रत मुख्यतः स्नायूच्या आत विखुरलेल्या चरबीच्या बारीक रेषांवरून, म्हणजे मार्बलिंगवरून ठरते. नवरा घरी पहिल्यांदा प्राइम घेऊन आला तो दिवाळीला सोनं आणावं तशा थाटात. "बघ, हाताला लागतं लगेच," म्हणाला. माझ्या हाताला आधी पावती लागली.

तेव्हाचे भाव वहीत आहेत. चॉइसचा अख्खा ब्रिस्केट पौंडाला साधारण तीन डॉलर आणि प्राइमचा चार. एका डॉलरचाच तर फरक, असं तो म्हणायचा. पण ब्रिस्केट जसा येतो तसा विकला जात नाही. चौदा पौंडाचा घेतला की बाहेरची घट्ट चरबी कापण्यात साडेतीन पौंड जातात. उरलेले साडेदहा पिटवर चढतात आणि पाणी व वितळलेली चरबी जाऊन साडेसहाच्या आसपास उतरतात. म्हणजे चॉइसचे 42 डॉलर भागिले साडेसहा, विकायचा पौंड पडतो 6.46 ला. प्राइमचे 56 भागिले साडेसहा, 8.62. कच्च्यातला एक डॉलर कापणीच्या फळीवर पोचेपर्यंत दोन डॉलर सोळा सेंट झालेला असतो. आठवड्याला वीस ब्रिस्केट धरले तर वर्षाला चौदा हजार डॉलर. हा आकडा मी त्याला जेवताना सांगितला. तो म्हणाला, "चव आकड्यात मोजतेस?" मी म्हटलं, "मग चवच मोजू."

आम्ही अंगणात तीन ब्रिस्केट चढवले, सिलेक्ट, चॉइस आणि प्राइम. वजन जवळजवळ सारखं, लाकूड तेच पोस्ट ओक, मीठमिरी तीच. कागदी ताटल्यांच्या खाली पेन्सिलीने आकडे लिहिले आणि शेजारीपाजारी, चर्चमधले चार जण आणि कुत्रेवाले आजोबा यांना बसवलं. याला काही संशोधन म्हणायचं नाही, पण माझ्यासाठी पुरेसं होतं.

ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात. वरचा जाड, चरबीदार तो पॉइंट, आणि खालचा सपाट, सुका तो फ्लॅट. पॉइंटच्या ताटल्यांत कुणालाच धड फरक सांगता आला नाही. सिलेक्टच्या पॉइंटला दोघांनी पहिला नंबर दिला आणि नवऱ्याचा चेहरा पडला. फ्लॅटमध्ये मात्र तीन वेगळे प्राणी होते. सिलेक्टचा फ्लॅट घशात अडकला, चॉइसचा बरा, प्राइमचा मऊ. म्हणजे जास्तीच्या चौदा हजारांत आम्ही विकत घेत होतो तो फ्लॅटचा विमा.

आणि आमच्याकडे फ्लॅटच जास्त जातो! जुने टेक्सन लोक 'मॉइस्ट' मागतात, म्हणजे पॉइंट. आमची बरीच गिऱ्हाइकं देशी. केरळचे, हैदराबादचे, गोव्याचे, आमच्या वसईचेही दोन-तीन. ते खिडकीत वाकून बघतात आणि म्हणतात, "ते पांढरं नको, लीन द्या." चरबीलाच तर पैसे मोजलेत, असं नवरा पुटपुटतो, पण देतो. (मराठी गिऱ्हाइकांतले बरेच जण गोमांस खात नाहीत. त्यांच्यासाठी चिकन आणि बोकड पहिल्या दिवसापासून वेगळ्या पिटवर होतं. सुरी, फळी, चिमटेही वेगळे. हे कुणी विचारायच्या आत मीच सांगते.)

तेव्हा दोन वर्षं प्राइमच घेतलं. वाद मी हरले असं वाटलं होतं.

फिरला तो एका जुन्या कपाटामुळे. एक कॅफेटेरिया बंद होत होता, तिथून आम्ही अन्न गरम ठेवायचं स्टीलचं कपाट अकराशे डॉलरला घेतलं. तोवर आमचा क्रम असा होता की पहाटे उतरवायचं, तासभर ठेवायचं आणि अकराला कापायला सुरू. कपाट आल्यावर ब्रिस्केट आदल्या संध्याकाळीच उतरायला लागले. आतलं तापमान 203 फॅरनहाइटच्या, म्हणजे 95 सेल्सियसच्या आसपास गेलं आणि सळई लोण्यात जावी तशी गेली की काढायचे, जरा निववायचे आणि पिटवर गुंडाळलेल्या कागदासकट रात्रभर 145 फॅरनहाइटवर झोपवायचे. नियमाप्रमाणे 135 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. सकाळी कागद सोडला की आतला रस जिलेटिनने दाटलेला, फळीवर न सांडणारा. पहिल्याच शनिवारी दुकानात प्राइम कमी पडलं म्हणून दोन चॉइस मध्ये घुसवले होते. कापताना नवरा थांबला, कागदावरची खूण बघितली, आणि मला हाक मारली. तो चॉइसचा फ्लॅट गेल्या महिन्याच्या प्राइमपेक्षा मऊ होता.

वर्षाला चौदा हजार जे करत होते, ते काम एकदाच्या अकराशेने झालं. मी काही बोलले नाही. वही उघडी ठेवली फक्त.

त्यानंतर आम्ही प्रतीच्या शिक्क्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ही प्रत जनावराच्या बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये छेद घेऊन, तिथला रिब-आय, म्हणजे पाठीचा स्नायू, बघून देतात. छातीकडे कुणी बघत नाही. म्हणजे 'चॉइस' लिहिलेल्या खोक्यात प्राइमला लाजवील असा ब्रिस्केट निघू शकतो, आणि प्राइमच्या खोक्यात सुका. माझी आजी पापलेट घेताना कोळणीच्या बोलण्याकडे न बघता कल्ला उचलून बघायची. आम्ही तसंच करतो. पिशवीसकट मधोमध हातावर धरायचा आणि दोन्ही टोकं किती लवतात ते बघायचं. फ्लॅट टोकापर्यंत एकसारखा जाड हवा. पातळ शेपटी असली की ती करपणार, आणि मग चिरून सँडविचमध्ये स्वस्तात जाणार. हे डोळ्याने दिसतं, त्याला पौंडामागे डॉलर लागत नाही.

वाग्यूचाही एक धडा झाला. एका वाढदिवसाच्या ऑर्डरसाठी नवऱ्याने जपानी रक्ताच्या संकरित जनावराचा ब्रिस्केट मागवला, पौंडाला दहा डॉलरहून जास्त. नेहमीच्या अंदाजाने कागदात गुंडाळला आणि झोपला. ब्रिस्केट आमच्या नेहमीच्यापेक्षा किती तरी आधी शिजून बसला होता. सकाळी काप पडेनात, लगदा झाला. चरबी इतकी की चार घासांनंतर तोंडाला ओशट चव धरते. ते गिऱ्हाईक भलं होतं, टाकोमध्ये घालून खाल्लं त्यांनी, पण मी पैसे परत केले. रिब-आयचा जाड तुकडा तव्यावर तीन मिनिटं भाजायचा असेल तर वाग्यूला अर्थ आहे. बारा तास धुरात बसवायला ते रेशमाचं पोतेरं करण्यासारखं आहे, असं माझं मत. नवऱ्याचं अजूनही वेगळं आहे.

2020 च्या एप्रिल-मेमध्ये तर निवडीचा प्रश्नच उरला नाही. करोनाने मांस कारखाने बंद पडले, घाऊक भाव कधी नव्हे एवढे चढले, मिळेल ते सिलेक्ट घ्यावं लागलं. त्याच दिवसांत आम्ही सिलेक्टही नीट करायला शिकलो. आच थोडी कमी, गुंडाळताना कागदावर कापणीतली वितळवलेली चरबी, आणि कपाटात जास्त वेळ. पुढच्या फेब्रुवारीत ते मोठं गोठवणारं वादळ आलं, दिवसच्या दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधला माल जाणार म्हणून सगळा पिटवर चढवला. लाकडाला वीज लागत नाही. अख्ख्या गल्लीने तीन दिवस आमच्याकडचं खाल्लं, आणि त्यात कुणी प्रत विचारली नाही.

आता भाव पुन्हा डोक्यावर आहे. दुष्काळात लोकांनी गाई विकून टाकल्या. 2025 च्या सुरुवातीला देशातल्या जनावरांची संख्या 1951 नंतरची सगळ्यात कमी होती. मजा अशी की चॉइस इतकं महागलं आहे की काही आठवड्यांत प्राइम त्याच्यापेक्षा चाळीस-पन्नास सेंटच वर असतं. मग मी स्वतःच प्राइम घ्या म्हणते, कारण तेवढ्या फरकात फ्लॅटची शेपटी कमी वाया जाते आणि पैसे तिथेच भरून निघतात. फरक पाऊण डॉलरच्या वर गेला की चॉइस, त्यातही वरच्या मार्बलिंगचं, हाताने निवडलेलं. चिरून सँडविचमध्ये जाणाऱ्या मालाला प्राइम कधीच नाही. नाताळच्या अख्ख्या ब्रिस्केटच्या ऑर्डरींना प्राइम, पण तिथे गिऱ्हाइकाला फरक आधी सांगून. निम्मे लोक हिशेब ऐकून चॉइसच घेतात.

गेल्या वर्षी आई सहा आठवडे आली होती. तिला फ्लॅटचा एक काप दिला, चॉइसचा. तिने बोटाने तोडला, तोंडात घातला, बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "याच्यात बाटली मसाला का नाही घातला?" आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन ब्रिस्केटना मीठमिरीसोबत बाटली मसाला, आमच्या वसईकडचा मिरचीचा मसाला, लागतो. मिरची जास्त झाली की जळून कडू होते, म्हणून मिठाच्या चौथा हिस्साच. ते दोन दुपारी एकच्या आत संपतात.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा पिट करायचा आहे. मी 500 गॅलनच्या टाकीचे पैसे बाजूला काढलेत. नवरा हजार गॅलनची एक टाकी बघून आलाय, फोटो काढून भिंतीवर लावलाय.