विहिरीच्या मलब्यातला जीवाश्म : ठिकाणाची नोंद पूर्ण करताना

नागपूर जिल्ह्यातल्या एका शेतात, विहिरीच्या मलब्याच्या ढिगात तळहाताएवढा राखाडी चर्टचा (सिलिकाच्या कठीण दगडाचा) तुकडा मिळाला. आत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. डेक्कन ट्रॅपच्या (लाव्हा थिजून बनलेल्या दख्खनच्या कातळाच्या) दोन लाव्हाप्रवाहांमधल्या काळात तळ्यात गाळ साचून हा दगड बनतो, त्याला इंटरट्रॅपियन म्हणतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात नागपूरच्या टाकळीहून असेच जीवाश्म जमवले होते. टाकळी आता शहरात सामावली, तरी ते नमुने कुठले हे आजही कळतं, कारण ठिकाण लिहून ठेवलेलं होतं.

माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘नागपूर जिल्हा’ होतं. एका संग्रहालयाने नमुना परत केला, आणि ते योग्यच होतं. शंख कुठल्या थरातला हे माहीत नसेल, तर तो अभ्यासाच्या फारसा उपयोगाचा राहत नाही.

सुरुवात कागदांपासून केली. शेतमालकाकडून गट नंबरसह संमतिपत्र घेतलं, त्यात तुकडा कुणाच्या जमिनीतून निघाला आणि संग्रहालयाला द्यायला हरकत नाही, ही दोन्ही वाक्यं हवीत. सोबत सातबारा. गाव नमुना बारामध्ये सिंचनाचं साधन नोंदलेलं असतं, त्यामुळे जुने उतारे लावून पाहिले की विहीर कोणत्या वर्षापासून दिसते ते कळतं. तोंडी सांगितलेलं वर्ष आणि उताऱ्यातलं वर्ष वेगळं निघालं. मी दोन्ही लिहिली.

अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेतले, दशांश अंशांत पाच स्थळांपर्यंत, डेटम (अक्षांश-रेखांश ज्या संदर्भावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ आणि फोनने दाखवलेली अचूकता (५ मीटर) यांसह. डेटम लिहायला विसरू नका. जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) एव्हरेस्ट डेटम असतो. त्यातले आकडे जसेच्या तसे घेतले तर बिंदू शेताबाहेर पडतो. दुसरी चूक फोटोंची. पहिले फोटो मी व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवले आणि त्यांतली वेळ-ठिकाणाची माहिती उडाली. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

खरा वेळ गेला तो थर शोधण्यात. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर विहिरीची भिंत उघडी पडते. आत उतरायचं नाही. तळाशी हवा खराब असू शकते. ओळंबा बांधलेली टेप सोडली, टॉर्च आणि झूम कॅमेऱ्याने भिंत पाहिली. वर काळी माती, मग मुरूम, कातळ, त्याखाली राखाडी पट्टा, पुन्हा कातळ. पट्ट्याचा माथा कठड्यापासून ९.४० मीटरवर. पण कठडा जमिनीच्या वर ०.७५ मीटर आहे, म्हणजे जमिनीपासून ८.६५. हा फरक वजा न केल्याने माझी पहिली नोंद चुकली होती. पट्ट्याची जाडी ३५ सेंटिमीटर.

आता मोह होतो की लिहावं, ‘८.६५ मीटरवरच्या थरातून’. तसं लिहू नये. तुकडा थरातून काढलेला नाही, ढिगातून उचललेला आहे. म्हणून नोंदीत तीन रकाने केले: पाहिलेलं (ढीग, पट्टा, मोजमापं), सांगितलेलं (मलबा याच विहिरीचा, असं मालक म्हणतात), अनुमान (त्याच ढिगातल्या इतर तुकड्यांचा रंग आणि पोत भिंतीतल्या पट्ट्याशी जुळतो, म्हणून मूळ थर तोच असावा). तपासणाऱ्याला या तिसऱ्या रकान्यावर शंका घेता आली पाहिजे.

तुकडा ॲसिडने साफ केला नाही. चर्टला सहसा काही होत नाही, पण शंखात कॅल्साइट (चुन्याचं खनिज) उरलेलं असेल तर ते विरघळतं. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरलं. शंखाभोवतीचा दगडही तसाच ठेवला, थराची ओळख त्यातच असते. क्रमांक टाकायला शंख नसलेल्या बाजूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा ॲसिटोनमधला थर (१०० मिलिलिटरला सुमारे २० ग्रॅम), तो सुकल्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक, वरून पुन्हा पातळ थर. नेलपॉलिश पिवळं पडून सोलवटतं, चिकटपट्टी डाग सोडते.

तोच क्रमांक पिशवीवर, आतल्या चिठ्ठीवर, डायरीत आणि फोटोंच्या नावांत आहे. ढिगातले दोन जादा तुकडे वेगळ्या पिशवीत दिले. कुणाला पातळ छेद करून दगड तपासायचा असेल, तर मूळ नमुना कापावा लागणार नाही.