पिनखालचे ०.२ मिलिमीटर : फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमधली आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा ॲल्युमिनियमच्या प्लेटा मिलिंग करून देण्याचा. बाजारात ज्याला एचई-३० म्हणतात त्या ६०८२ किंवा ६०६१ या मिश्रधातूच्या प्लेटा टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडणं) करून घेतल्या की दोन तक्रारी हमखास येत: प्लेट वाकलेली, आणि पाण्यात सोडून हवा भरली की जोडातून बुडबुडे. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं, थिजताना तो बाहेर टाकतं. त्याला निसटायला वेळ मिळाला नाही की तिथे छिद्र राहतं. हवेतली ओल, तारेवरचा ऑइलचा हात, कशातूनही हायड्रोजन येतो. त्यामुळे धातू वितळवायचाच नाही अशा पद्धतीकडे, म्हणजे फ्रिक्शन स्टर वेल्डिंगकडे, आम्ही वळलो.

ही पद्धत इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शोधली. काही वर्षांतच नॉर्वे आणि स्वीडनमध्ये जहाजांचे ॲल्युमिनियम पॅनल असे जोडले जाऊ लागले. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर आमच्यासारख्या छोट्या शॉपला ही वाट मोकळी झाली. पद्धत अशी: दोन प्लेटा कडेला कड लावून घट्ट आवळायच्या. फिरणारं टूल सांध्यात खाली दाबायचं. टूलला एक रुंद खांदा, म्हणजे शोल्डर, आणि त्याखाली छोटी पिन. शोल्डरच्या घर्षणाने धातू साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापून मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो, पिन तो ढवळते, टूल पुढे सरकलं की मागे जोड तयार. ना फिलर, ना गॅस, ना धूर.

सुरुवात साध्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवर झाली. ६ मिमी प्लेटला टूल खाली दाबून ठेवायला कित्येक किलोन्यूटनचा जोर लागतो आणि सर्वांत जास्त जोर पिन शिरताना लागतो. मिलिंगचा स्पिंडल बाजूच्या जोरासाठी केलेला असतो, इतका उभा दाब त्याच्या बेअरिंगना झेपत नाही. यावर दोन उपाय लागू पडले: पिन जिथे शिरणार तिथे आधी ४ मिमीचं भोक पाडून ठेवणं, आणि शोल्डर टेकल्यावर जागेवरच ८ ते १० सेकंद फिरू देऊन मग फीड, म्हणजे टूल पुढे सरकवणं, सुरू करणं. थंड धातूत लगेच फीड दिला की पिन तुटते, तीही नेमकी शोल्डरच्या मुळाशी. तिथे ०.५ मिमीची गोलाई द्यायलाच हवी. काटकोन ठेवू नका.

टूलसाठी एच-१३ स्टील, दोनदा टेंपर करून (पुन्हा तापवून चिवट करून), कडकपणा ४८ ते ५२ एचआरसी (रॉकवेल मापाने). ६ मिमी प्लेटला शोल्डर १८ मिमी, पिनचा व्यास मुळाशी ६ आणि टोकाला ४. पिनवर आटे पाडले असतील तर दिशा तपासा. वरून पाहताना टूल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आटे डावे हवेत, म्हणजे धातू खाली ढकलला जातो. उजव्या आट्यांनी तो वर येतो आणि तळाशी पोकळी राहते. फोटोत दोन्ही टूल सारखीच दिसतात, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. शोधनिबंधांमध्ये आरपीएम आणि फीडचे तक्ते भरपूर मिळतात. १००० आरपीएम आणि मिनिटाला १०० मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ०.१ मिमी, एवढ्यावर ६०६१ चा चांगला जोड मिळतो आणि दोन्ही आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतं. खोलीच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. आमच्या बाद जॉबांची कारणं शोधली तर बहुतेक वेळा खोली किंवा पकड यांपैकी एक निघते.

टूल मागच्या बाजूला १ ते ३ अंश कललेलं ठेवतात, म्हणजे शोल्डरची मागची कड धातूत दाबली जाते आणि ढवळलेला धातू मागे आवळला जातो. समजा कल २ अंश आहे. १८ मिमीच्या शोल्डरची मागची कड मध्यापेक्षा ०.३१ मिमी खाली असते. ही कड प्लेटमध्ये ०.२ मिमी दाबली, तर शोल्डरचा मध्य अजून पृष्ठभागाच्या ०.११ मिमी वरच आहे. पिन ५.८ मिमी लांब असेल तर तिचं टोक ५.६९ पर्यंतच पोचलं. खाली ०.३१ मिमी धातू ढवळलाच गेला नाही. प्लेट ६ ची, पिन ५.८ ची, म्हणून खाली ०.२ राहतात, हा हिशेब कलामुळे चुकतो. कल १.५ अंश केला आणि पिन ५.८५ घेतली तर तेवढ्याच दाबावर खाली ०.१९ मिमी उरतात. पिनच्या थोडं खालीही धातू ढवळला जातो, त्यामुळे एवढं अंतर भरून निघतं. याहून लांब पिन घेतली तर ती बॅकिंग प्लेटला (जॉबखाली आधाराला ठेवलेल्या स्टीलच्या प्लेटला) घासते आणि जोड खालच्या स्टीलला चिकटतो.

शिवाय मशीन स्वतः लवतं. जोर आला की मिलिंगचं टेबल खाली बसतं, हेड वर उचललं जातं. डीआरओ (मशीनवरचा अंतर दाखवणारा डिजिटल पडदा) ०.२ दाखवतो आणि प्रत्यक्षात शोल्डर नीट टेकलेलाही नसतो. हेड आणि टेबल यांच्यामध्ये डायल गेज लावून, टूल चालू असताना किती फरक पडतो तो मोजावा आणि तेवढा खोलीत धरावा. आता आम्ही बॅकिंग प्लेटखाली तीन लोडसेल (जोर मोजणारे सेन्सर) बसवून जोर पाहतो. चालू जोडात जोर अचानक घसरला तर तिथे फट आहे किंवा प्लेट पातळ आहे.

खोली कमी पडली की तळाशी जो दोष राहतो तो फार फसवा. दोन कडा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात पण जुळलेल्या नसतात. एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, कधीकधी टेन्साइलमध्येही (ओढून तोडण्याच्या चाचणीतही) निसटतो. बेंड टेस्टमध्ये तळाची बाजू ताणाकडे ठेवून वाकवलं की सांध्याची रेघ उघडते. प्रत्येक नव्या सेटिंगला आम्ही ही चाचणी घेतो. सोबत एक आडवा छेद, पॉलिश करून १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात बुडवलेला, नंतर पातळ नायट्रिक ॲसिडने काळपटपणा काढलेला. हातमोजे आणि चष्मा घालूनच. छेदावर कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात. टनेल, म्हणजे जोडाच्या आत लांबीने गेलेली पोकळी, असेल तर तो बहुधा ॲडव्हान्सिंग बाजूला तळाजवळ सापडतो, म्हणजे जिथे टूलच्या कडेची फिरण्याची दिशा आणि फीडची दिशा एकच आहे त्या बाजूला. टनेल दिसला म्हणजे धातू पुरेसा गरम झाला नाही किंवा शोल्डरचा दाब कमी पडला. फीड कमी करून पाहा, मग दाब. याउलट दोन्ही कडांना जाड फ्लॅश (बाहेर दाबला गेलेला धातू) येत असेल तर दाब जास्त आहे.

पकडीबद्दल: दोन प्लेटांमधली फट जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवी, म्हणजे ६ मिमीला ०.६. आम्ही ०.२ चा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेला की जॉब पुन्हा सोडून आवळतो. पिन शिरताना ती प्लेटा बाजूला फाकवते, म्हणून वरच्या क्लॅम्पइतकेच बाजूचे क्लॅम्प महत्त्वाचे. कडांवरचा ऑक्साइड स्टेनलेसच्या ब्रशने आणि ॲसिटोनने त्याच दिवशी काढावा. नाहीतर छेदात नागमोडी काळी रेघ उमटते. लांब जोडात शेवटाकडे प्लेट तापलेली असते, म्हणून ६०० मिमीच्या पुढे शेवटच्या भागात फीड थोडा वाढवावा लागतो. टूल बाहेर काढताना पिनचं भोक राहतंच. ते जोडाच्या बाहेर, जादा लावलेल्या तुकड्यावर येऊ द्यावं.

ताकदीचा प्रश्न ग्राहक विचारतातच. ६०६१-टी६ ची (टी६ म्हणजे उष्णतेने पूर्ण कडक केलेला माल) मूळ ताकद सुमारे ३१० मेगापास्कल. जोडाची साधारण त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मिळते, आणि नमुना जोडात तुटत नाही, शेजारच्या तापलेल्या पट्ट्यात तुटतो. तिथले कडकपणा देणारे बारीक कण उष्णतेने जाड होतात. हे डिझाइनमध्येच धरावं. शक्य असेल तर टी४, म्हणजे अजून पूर्ण कडक न केलेला, माल जोडून नंतर १७५ अंशांवर ८ तास एजिंग करणं (तापवून कडक करणं) चांगलं, बरीच ताकद परत येते.

सध्या सर्वांत जास्त काम बॅटरीच्या कूलिंग प्लेटांचं. खाली कोरलेला पाण्याचा मार्ग, वर पायरीवर बसणारं ३ मिमीचं झाकण, आणि झाकणाच्या कडेने फिरणारा जोड. इथे शोल्डर १२ मिमीचा, पिन ३.४ मिमी लांब. पिन झाकणाखालच्या पायरीत थोडी शिरते, त्यामुळे तळाच्या दोषाची भीती कमी होते. पायरी मात्र ८ मिमी रुंद हवी. डिझाइनर ती ४ मिमी ठेवतात, मग शोल्डरच्या दाबाखाली झाकण आणि पायरी दोन्ही मार्गात खचतात. पिनचं भोक पुढे बोल्टचं भोक पडणार असेल तिथे संपवलं की ते आपोआप ड्रिलमध्ये निघून जातं. हाताला सोसेल एवढी प्लेट थंड झाल्याशिवाय क्लॅम्प सोडत नाही. गरम सोडली तर ती डोळ्यांदेखत वाकते. मग ५ बार हवेवर पाण्यात चाचणी.

तांबं आणि ॲल्युमिनियम यांचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या) जोडण्याचे प्रयोगही चालू आहेत. तांबं ॲडव्हान्सिंग बाजूला ठेवायचं आणि पिन बहुतांश ॲल्युमिनियममध्ये सरकवून तांब्याला जेमतेम खरवडू द्यायची. उलट ठेवलं की वर खाच पडते. उष्णता जास्त झाली की दोन्ही धातूंच्या संयुगाचा ठिसूळ थर जाड होतो. तो एक-दोन मायक्रॉनच्या आत ठेवायचा आहे. पहिल्या ३० मिलिमीटरमध्ये प्लेट थंड असल्याने मिश्रण अजून एकसारखं येत नाही, म्हणून तेवढा भाग कापून टाकतो. सुरुवातीचा थांबा १५ सेकंदांवर नेऊन त्याचे छेद पाहणं सुरू आहे.