२८ चा कार्ब्युरेटर, ११० चं इंजिन

मे महिन्यातली सकाळ. साडेनऊलाच सोलापूरच्या अक्कलकोट रोडचं डांबर मऊ पडायला लागलेलं. एमआयडीसीतून पेठेत टॉवेलचे गठ्ठे पोचवणारा पोरगा २०१४ ची अ‍ॅक्टिवा घेऊन आमच्या गॅरेजला आला. फूटबोर्डवर खोका, खोक्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. अंगावर एका जपानी कंपनीचं नाव, खाली २८ चा आकडा, म्हणजे हवा जाण्याच्या घशाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ऑनलाइन मागवलेला, किंमत ६,५०० रुपये.

"अण्णा, एवढं बसवून द्या की. तुळजापूरच्या घाटात दोघं बसलो की गाडी सायकलसारखी चढतीया. मजुरी किती बी घ्या."

तक्रार खरी होती. पण घाटात ओढत नाही म्हणजे कार्ब्युरेटर लहान पडतो, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. त्याला म्हटलं, बसवायचं की नाही ते मोजून ठरवू. संध्याकाळपर्यंत गाडी ठेव.

आधी इंजिनला हवा किती लागते ते बघायचं. या मॉडेलचं इंजिन १०९ सीसीचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५५.६ मिमी. ताकद साधारण ८ बीएचपी, तीही ७,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). टॉर्कचा, म्हणजे चढ चढायच्या जोराचा, कळस ५,५०० च्या आसपास. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं. ३,००० आरपीएमला मिनिटाला १,५०० घोट, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं तरी १६४ लिटर हवा. घोट घ्यायला वेळ मिळतो तो चक्राचा चौथा भाग. मूळ कार्ब्युरेटरचा घसा व्हर्नियरने जेमतेम १८ मिमी भरला. त्यातून त्या क्षणी हवा सेकंदाला ४३ मीटरने जाते. हाच घोट २८ मिमीच्या भोकातून घेतला तर १८ मीटरने.

गणित त्याच्यासमोर पाटीवर मांडलं. भोक दहाच मिलिमीटरने मोठं दिसतं, पण क्षेत्रफळ जवळपास अडीच पट होतं. पेट्रोल वर ओढलं जातं ते हवेच्या वेगाने पडणाऱ्या दाबामुळे, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त होते. वेग २.४ पट कमी झाला की ओढ सहाव्या हिश्श्यावर येते. जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, तोंडाशी पेट्रोल उभं असतं, पण त्याला उचलणारं कुणी नसतं.

"मग मोठ्या गाड्यांना कसा चालतो?"

त्यांचा घोट मोठा असतो. आणि बहुतेकांना गिअर असतो, आरपीएम हाताने वर ठेवता येतो. स्कूटरमध्ये ते काम व्हेरिएटर, म्हणजे बेल्ट-पुलीचा आपोआप बदलणारा गिअर, करतो. सिग्नलवरून निघताना माणूस मूठ एकदम तळाला नेतो, इंजिन मात्र अजून तीन-साडेतीन हजारावरच असतं. कंपनीचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालतो तो याचसाठी. मुठीची केबल फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, उघडते. निडल, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी सुई, धरून ठेवणारा कार्ब्युरेटरचा पिस्टन इंजिनाच्या ओढीने, डायफ्रामच्या (रबराच्या पातळ पडद्याच्या) आधाराने, जेवढी हवा मागितली जाते तेवढाच वर जातो. मूठ अडाणी असली तरी पिस्टन शहाणा. खोक्यातला कार्ब्युरेटर स्लाइडचा, म्हणजे घशात वर-खाली सरकणाऱ्या झडपेचा होता. तिथे केबल थेट स्लाइडला, त्यामुळे मूठ पिळली की पूर्ण घसा उघडा. ॲक्सिलरेटर पंपही नाही.

इतकं ऐकूनही पोराचा चेहरा पडलेला. पैसे गेलेले असतात, माणूस गणितावर समाधान मानत नाही. "एकदा लावून तर बघू, अण्णा." बरं, बघू. गाडीचं वाटोळं होणार नाही अशा बेताने.

बसवतानाच अडचणी सुरू. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं, आतलं तोंड २० मिमी. म्हणजे २८ चा घसा २० च्या नळीवर, घागरीला बाटलीचं तोंड लावल्यासारखा. मधल्या पायरीवर पेट्रोलचे थेंब आपटून भिंतीला चिकटतात, त्यांची वाफ होत नाही. नव्या कार्ब्युरेटरसोबत आलेला रबरी मॅनिफोल्ड लावला तर दुसरंच दुखणं. अ‍ॅक्टिवाचा पेट्रोल कॉक व्हॅक्यूमने उघडतो आणि तो व्हॅक्यूम बारीक नळीने इनटेकच्या बाजूने येतो. नव्या मॅनिफोल्डला ती निप्पलच नव्हती. असं बसवून दिलं की गाडी कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये साठलेल्या पेट्रोलवर अर्धा-एक किलोमीटर जाते आणि बंद पडते. मग माणूस जेट साफ करत बसतो. आम्ही चाचणीपुरती निप्पल घालून घेतली.

स्लाइडची टोपी उंच, ती डिकीच्या तळाला लागत होती, म्हणून डिकी काढून ठेवली. मूळ मुठीने केबल जेवढी ओढली जाते तेवढ्यात स्लाइड पूर्ण उघडत नव्हती, वर चार मिमी राहत होती. म्हणजे ज्या २८ मिमीचे पैसे दिले ते पूर्ण मिळतही नव्हते. एअर फिल्टरचा रबर त्याच्या तोंडावर चढेना. पोराकडे शंकूसारखा उघडा फिल्टर होता. इथे जरा थांबून सांगतो: एमआयडीसीच्या भागात यंत्रमागांचा सुती पिंजर हवेत असतो. डिकीखाली उघडा फिल्टर लावला की महिनाभरात त्यावर गोधडी तयार होते, आणि कापडाच्या जाळीतून जाणारी बारीक धूळ इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा खाते. सोलापुरात हा फिल्टर लावू नये, कार्ब्युरेटर कुठलाही असो.

एक गफलत हमखास होते. मूळ कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोल सोडतो: बाहेर काढला की मिश्रण जाड. स्लाइडवाल्याचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला, तो हवा सोडतो: बाहेर काढला की पातळ. पोराने आदल्या रात्री व्हिडिओ बघून हा स्क्रू साडेतीन फेरे बाहेर काढला होता, "जास्त पेट्रोल यावं म्हणून."

स्क्रू दीड फेऱ्यावर आणला, निडलची क्लिप मधल्या खाचेत. गाडी सुरू झाली. आयडल १,७०० ला बसवायचा होता, तो १,४०० ते २,१०० मध्ये हेलकावे खात होता. हळूहळू मूठ उघडली तर ठीक. पोराने नेहमीसारखी एकदम पिळली आणि इंजिनाने "भूऽऽ" असा आवाज काढून मान टाकली. परत सुरू केली, परत तेच. खालच्या आरपीएमचा खड्डा भरायला मोठा स्लो जेट (कमी आरपीएमला पेट्रोल देणारा) टाकला तर आयडलला काळा धूर. लहान टाकला तर खड्डा आणखी खोल. दोन तासांत तीन स्लो जेट आणि दोन मेन जेट झाले. शेवटच्या जुळणीवर प्लग काढला तर टोकावर तव्यावरच्या काजळीसारखा थर.

मायलेजही बघितलं. टाकीची नळी काढून १०० मिलीची बाटली लावायची, संपेपर्यंत चालवायची, किलोमीटर वाचायचे. या कार्ब्युरेटरवर २.९ किलोमीटर. म्हणजे लिटरला २९. पीयूसीच्या यंत्राची नळी लावली तर आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) साडेसहा टक्क्यांवर. या वयाच्या स्कूटरला मर्यादा साडेतीनची. पोरगा यंत्राकडे बघत गप्प.

मग मूळ दुखण्याकडे वळलो. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

मूळ कार्ब्युरेटर परत बसवला, प्लगच्या वायरवर आरपीएम मीटरची क्लिप लावली, मागे एक माणूस आणि एक गठ्ठा घेऊन पुलाच्या चढावर पूर्ण मूठ. काटा ४,७०० वर अडकलेला. हा आकडा बोलका आहे. कार्ब्युरेटर कमी पडत असता तर इंजिनाने वरच्या आरपीएमला, सात हजाराकडे, धापा टाकल्या असत्या. इथे ते टॉर्कच्या जागेपर्यंतच पोचत नव्हतं. म्हणजे गिअर उतरत नव्हता, म्हणजे व्हेरिएटर.

डाव्या बाजूचं कव्हर काढलं. व्हेरिएटरमधले सहा रोलर, जे वेगाप्रमाणे आत-बाहेर सरकून गिअर बदलतात, काढून ओळीने फळीवर ठेवले. नवा रोलर बोटाने ढकलला की सरळ घरंगळतो. हे सहाही दोन-तीन इंच जाऊन एका अंगावर बसले. व्हर्नियरच्या जबड्यात फिरवून बघितलं तर एका बाजूने अर्ध्या मिमीहून जास्त खाल्लेले. सपाट झालेला रोलर रॅम्पवर फिरत नाही, घसटतो. चढाला वेग पडला की त्याने आत परत यायला हवं, तसा तो येत नाही आणि गाडी वरच्याच गिअरमध्ये राहते. स्लाइड पीस सैल, रॅम्प प्लेट खडखडत होती. बेल्ट नव्यापेक्षा जवळपास दोन मिमी अरुंद, आतल्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा. शेजारी नवा बेल्ट ठेवला तेव्हा पोराने स्वतः नख लावून फरक बघितला. मागच्या पुलीची स्प्रिंग मात्र मोजमापात होती.

कार्ब्युरेटरलाही थोडा दोष होता, नाही असं नाही. वरची टोपी काढून पिस्टन बोटाने उचलला, बाहेरच्या हवेचं भोक अंगठ्याने बंद केलं, बोट सोडलं. पिस्टनने वर थबकून सावकाश उतरायला हवं. हा लगेच 'टक' करून पडला. डायफ्राम उजेडावर धरला तर कडेच्या घडीत सुईच्या टोकाएवढं भोक. एवढ्याशा भोकाने पिस्टन पूर्ण वर जात नाही आणि मोठ्या ओझ्याला पेट्रोल कमी पडतं. स्लो जेटमध्ये पिवळट राळ. जेट तारेने टोचायचा नाही. पितळ मऊ असतं, भोक एकदा वाढलं की जेट फेकावाच लागतो. क्लीनरमध्ये बुडवून कॉम्प्रेसरची हवा, आणि उजेडावर धरून भोक गोल दिसतं का ते बघायचं.

आजकाल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. जुन्या जेटांच्या स्कूटर त्यामुळे थोड्या पातळ चालतात. घाटात गरम होणं आणि मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटके यात याचा वाटा असतो. प्लगचं टोक पांढुरकं होतं, म्हणून निडलच्या डोक्याखाली ०.३ मिमीचा पातळ वॉशर घातला. या कार्ब्युरेटरच्या निडलला क्लिपच्या खाचा नसतात, वॉशर हाच उपाय. एवढ्यासाठी सहा हजारांचं काम नाही.

फ्लोटची पातळी तपासली. फिल्टर नवा, कारण जुन्यावर पिंजराचा थर होता. इंजिन गार झाल्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघितले, एक्झॉस्टचा आवळलेला, तो मॅन्युअलच्या मापावर आणला. कॉम्प्रेशन चांगलं, म्हणजे रिंगा-बोअरला हात लावायची गरज नाही. शेवटी इंजिन चांगलं तापवून मिक्श्चर स्क्रू: हलक्या हाताने टेकवायचा, दोन फेरे बाहेर, तिथून मागेपुढे करत आरपीएम सर्वांत वर जातो ती जागा शोधायची, मग आयडल स्क्रूने १,७०० वर आणायचं. टेकवताना जोर लावला तर टोक कार्ब्युरेटरच्या अंगात रुतून तुटतं. तसे तुटलेले तीन कार्ब्युरेटर आत्ताही फळीवर आहेत.

सगळ्याचा हिशोब: रोलर, स्लाइड पीस, बेल्ट, डायफ्रामचा पिस्टन, फिल्टर आणि मजुरी मिळून २,३५० रुपये. डायफ्राम सुटा मिळत नाही, पिस्टनसकट घ्यावा लागतो. सगळ्यात महाग तोच.

त्याच चढावर, त्याच गठ्ठ्यासह परत गेलो. मूठ पूर्ण, काटा ५,९०० ला जाऊन तिथेच स्थिर. १०० मिलीत ४.७ किलोमीटर. सीओ दीड टक्का.

"मग हा कार्ब्युरेटर कुठंच कामाचा न्हाई?"

आहे की. दीडशेच्या पुढचं इंजिन, हेडचं पोर्ट मोठं केलेलं, कॅम बदललेला, मोकळा सायलेन्सर, तर त्याला २८ चा घसा शोभतो. ११० च्या स्कूटरला बोअर किट टाकून १२५-१३० केलं तरी २२-२४ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, तेही व्हॅक्यूमवालाच बरा. पण बोअर वाढवला की इंजिनाची क्षमता आरसीवरच्या आकड्याशी जुळत नाही, हे त्याला सांगून ठेवलं. गठ्ठे वाहायच्या गाडीला तो नाद नको.

त्याने कार्ब्युरेटर खोक्यात भरायला घेतला. परत पाठवायची मुदत दोन दिवस होती, म्हणून जेट, क्लिपा, वॉशर मोजून पुडीत बांधले. बाऊलच्या ड्रेन स्क्रूचा वॉशर एक कमी भरला. अर्धा तास शोधला. तो डिकीच्या तळाशी, टॉवेलच्या सुटलेल्या दोऱ्यात अडकून बसला होता.