खुर्ची, तळं आणि बारा लाद्या

आमच्या बाल्कनीच्या भिंतीवर गेल्या महिन्यापासून एक डोंगर आहे. सहा इंची बारा लाद्या, आडव्या चार, उभ्या तीन, म्हणजे दोन फूट बाय दीड फुटांचा. याच बाल्कनीतून खारघरचा खराखुरा डोंगर दिसतो, पावसात त्यावरून पांढऱ्या रेघा उतरतात. तो सोडून मी भिंतीवर वेल्समधला डोंगर का लावला, हे सोसायटीत मला दोनदा विचारून झालंय.

कारण लेक. ती वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला शिकायला होती. तिथून उत्तरेला गेलं की लागतो तो हा डोंगर, कादर इद्रिस. कादर म्हणजे खुर्ची. इद्रिस हा प्रचंड देहाचा राक्षस, पण आपल्याकडच्यासारखा माणसं खाणारा नव्हे. हा खुर्चीत बसून रात्रभर तारे बघायचा. आपल्याकडे प्रत्येक कड्याकपारीत पांडव येऊन राहिलेले असतात (आमच्या पांडवकड्यावरसुद्धा ते आंघोळीला यायचे म्हणे), तसंच हे. सातव्या शतकात त्या भागात इद्रिस नावाचा एक राजा खरोखर होऊन गेला, त्याचंच नाव डोंगराला पडलं असंही काही जण म्हणतात. उंची ८९३ मीटर. माथेरानहून थोडा उंच, कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. मला उगाच हिमालयासारखं काहीतरी वाटलं होतं.

तर दंतकथा अशी, की या डोंगरावर जो एक रात्र काढेल तो सकाळी एकतर वेडा होऊन उतरतो, नाहीतर कवी होऊन. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मुक्काम करू नकोस, आपल्या घरात एक कवी आहे तेवढा पुरे. आमचे हे गेली अकरा वर्षं सोसायटीच्या गणपतीच्या अंकात कविता देतात. संपादकही तेच आहेत.

पण त्या लोकांचं खुर्ची आणि कवी हे प्रकरण नुसतं दंतकथेतलं नाही. त्यांच्या राष्ट्रीय साहित्य मेळ्यात, आयस्टेथ्वोड म्हणतात त्याला, छंदोबद्ध कवितेसाठी पहिला आलेल्या कवीला बक्षीस म्हणून खुर्चीच देतात. खरी, लाकडी, कोरीव. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात तिथल्या राजाने मेळा भरवला, तेव्हापासूनची ही रीत असं मानतात. १९१७ साली विजेत्याचं नाव पुकारलं तर कोणी उठेना. हेद विन नावाचा, मेंढ्या राखणारा तरुण कवी. काही आठवड्यांपूर्वीच तो पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. मग त्या खुर्चीवर काळं कापड टाकलं. तो याच डोंगरापासून जवळच्या गावचा. हे ऐकल्यावर मी ठरवलं की लाद्यांवर काढायचं तर हेच. तोवर मी फक्त कमळं आणि मोर काढत होते.

लाद्यांचं वेड मला लहानपणापासून आहे. राणीबागेतल्या म्युझियममध्ये आई पुतळे दाखवायची आणि मी जमिनीकडे बघत चालायचे. ते आताचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलं. तिथल्या फरशा इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या. त्यांची नक्षी वरून रंगवलेली नसते, वेगवेगळ्या रंगांची माती साच्यात भरून ती लादीतच बसवलेली असते, म्हणून दीडशे वर्षं चपला घासूनही ती जात नाही. निवृत्त झाल्यावर बेलापूरला एका बाईंच्या गॅरेजात मातीकाम शिकवतात असं कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पैसे भरले.

लादी लाटतात. शब्दशः. दोन बाजूंना दोन लाकडी पट्ट्या ठेवायच्या, मधे मातीचा गोळा, वरून लाटणं. पट्टीच्या जाडीपेक्षा माती खाली जात नाही. चाळीस वर्षं पोळ्या केल्याचा फायदा होईल असं वाटलं होतं, झाला उलटा. माझा हात आपोआप गोल फिरवतो. शिवाय माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, आमची साधारण आठ टक्के. सहा इंच हवी तर ओली साडेसहा इंच कापायची. जुलैत केल्या, तर कडा आधी सुकल्या आणि मधला भाग ओलाच. पापडासारख्या कडा उचलल्या. मग दर सकाळी उलटायच्या, वर वर्तमानपत्र, त्यावर फळी, फळीवर जुनी टेलिफोन डिरेक्टरी. फेकू नका म्हटलं होतं ना मी!

खरी अडचण चित्राची होती. लेकीने पाठवलेला फोटो समोर ठेवून मी डोंगर काढला, छान सावल्या दिल्या. मातीकामाच्या बाईंनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "प्रबळगड मस्त आलाय." लेकीला फोटो पाठवला तर तिचा निरोप, "आई, खुर्ची कुठाय?"

पुन्हा काढला. पुन्हा सपाट माथा, सरळ कडा, खाली पायऱ्या. बघत होते वेल्स, हात काढत होता सह्याद्री. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, आडवे थर एकावर एक रचलेले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून त्याला माथा आणि पायऱ्या. कादर इद्रिससुद्धा ज्वालामुखीतूनच आलेला, पण पंचेचाळीस कोटी वर्षांचा म्हातारा. त्याचे थर मधल्या काळात मोडलेत, कललेत. आणि शेवटी त्याच्यावर बर्फ बसला. हिमयुगात एका कुशीत साठलेला बर्फ हळूहळू खाली सरकत, दगड ओरबाडत गेला. मागे उभी भिंत राहिली, दोन बाजूंना हात, मधे खोलगट बैठक. आइस्क्रीमचा चमचा डब्यात खुपसून ओढावा तशी. तीच इद्रिसची खुर्ची. अशा खळग्याला वेल्श भाषेत कूम म्हणतात. एव्हरेस्टवरचा 'वेस्टर्न कूम' तो हाच शब्द, गिर्यारोहक मॅलरीने १९२१ साली दिलेला. आपल्या डोंगरांवर बर्फ कधी बसलाच नाही, मग माझ्या हाताला ही खुर्ची कुठून माहीत असणार? ते कळल्यावर मी डोंगर काढायचा सोडला आणि आधी खळगा काढला. डोंगर मग त्याच्याभोवती आपोआप आला.

अठराव्या शतकात रिचर्ड विल्सनने याच खळग्याचं तैलचित्र केलंय. तो वेल्सचाच, तरी चित्र बरं दिसावं म्हणून त्याने डोंगराला हवं तसं वाकवलं. मला बरं वाटलं.

खुर्चीच्या बैठकीत एक तळं आहे. अथांग आहे अशी जुनी समजूत.

"तळ्याचं नाव काय?"

"काय."

"नाव विचारतेय मी."

"तेच सांगतेय. लिन काय. लिन म्हणजे तळं आणि नाव 'काय'." तो पहिला 'ल' ते लोक जीभ टाळ्याला लावून बाजूने हवा सोडून म्हणतात, ते काही मला जमलं नाही.

रेषा मी मेंदीच्या कोनाने काढल्या. कोनात पातळ माती भरायची, लादीवर उठावाची रेघ ओढायची आणि दोन रेघांच्या मधे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, भरायचं, म्हणजे एक रंग दुसऱ्यात जात नाही. गंमत अशी की भरताना रंग दिसतच नाही. निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट, ते ग्लेझमध्ये कालवलं की फिकट गुलाबी-जांभळं दिसतं, मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखं. माझं तळं गुलाबी, आकाश गुलाबी. निळं भट्टीच्या आत होतं. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम कोबाल्ट पुष्कळ. मला ते फिकं वाटलं म्हणून बाई फोनवर बोलत असताना मी गुपचूप आणखी दीड चमचा टाकला. वर थरही जाड दिला. भट्टी उघडली तर तळ्याची लादी दौत सांडल्यासारखी काळीनिळी, आणि पाणी काठ ओलांडून कड्यावर चढलेलं.

ती एकच लादी नव्याने केली. मातीची गोणी दुसरी, ती कमी आक्रसली, म्हणून तळं बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर मोठं झालं.

हे मी लादी लावणाऱ्या मिस्त्रीपासून लपवलं होतं. त्यांनी बारा लाद्या जमिनीवर मांडल्या आणि बोट थेट त्याच लादीवर ठेवलं. "ही सवत कुठून आली?" मग मशीनने कड घासून दिली, तळ्याच्या कोपऱ्याचा एक टवका गेला. मला सांधा नको होता, त्यांना तीन मिलिमीटर हवा होता. हातच्या लाद्या कधी सारख्या नसतात, सांधा तो फरक पोटात घेतो म्हणाले. बरोबरच होतं. पण मी चित्र काढलं होतं लाद्या चिकटवून ठेवून. सांधा सोडल्यावर डोंगराची तिरकी धार प्रत्येक फटीपाशी किंचित चुकते, शिवणीवर चेक्स चुकलेल्या शर्टासारखी. पुढच्या वेळी कागदावरच फटी सोडून चित्र काढणार.

"हा कुठला गड?" मिस्त्री ग्राउट पुसता पुसता.

"गड नाही. वेल्समधला डोंगर."

"वर देऊळ आहे?"

"नाही. दगडी खोपी आहे म्हणे एक."

"मग जातात कशाला?"

लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, छान झालंय, पण मी गेले तेव्हा वर नुसते ढग होते, अर्धा तास त्या खोपीत बसून ओले चिवड्याचे तुकडे खाल्ले आणि उतरलो. तळ्याचा तो फोटो मैत्रिणीचा.

परवा रात्री वीज गेली. हे चटई आणि उशी घेऊन बाल्कनीत, बरोबर डोंगराखाली, झोपायला गेले. मी आठवण करून दिली. ते म्हणाले, बघू. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी मला डासांवर चार ओळी ऐकवल्या. यमक जुळत होतं. मी चहा टाकला.