फोन खिशात गेला की कनेक्शन तुटते: सॉकेट डॉट आयओ खऱ्या जागी वापरताना

सॉकेट डॉट आयओ ही ब्राउझर आणि सर्व्हर यांना दोन्हीकडून लगेच मेसेज पाठवता यावे म्हणून असलेली लायब्ररी, आणि ती शिकवताना बहुतेक जण चॅट बनवून दाखवतात. दोन टॅब उघडा, एकात टाइप करा, दुसऱ्यात दिसते, झालं. पोरं खूश होतात आणि व्हायलाच पाहिजे, पण ते दोन्ही टॅब एकाच लॅपटॉपवर, सर्व्हरही त्याच लॅपटॉपवर, तिथे कनेक्शन तुटेल कशाला? माझं म्हणणं असं की या लायब्ररीचं खरं काम कनेक्शन तुटल्यावरच सुरू होते आणि शिकवताना नेमका तोच भाग राहून जाते.

मी सध्या धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी टोकनची सिस्टिम बनवून राहिलो. धंतोली नागपूरकरांना सांगायला नको, गल्लीगल्लीत दवाखाने, वर्धा यवतमाळ चंद्रपूरचे पेशंट येतात, तिकडून छिंदवाडा बालाघाटचेही येतात, एका पेशंटसोबत दोन नातेवाईक, वर बसायला जागा नसते म्हणून लोक खाली चहाच्या टपरीवर थांबतात आणि मधेमधे कोणीतरी जिना चढून येऊन रिसेप्शनवर विचारतो, "ताई, कितवा नंबर सुरू आहे जी?" ताई दिवसभर तेच उत्तर देऊन थकून जाते. तर डॉक्टरांनी केबिनमधून 'पुढचा' दाबलं की बाहेरच्या टीव्हीवर आणि पेशंटच्या फोनवर नंबर बदलला पाहिजे, आणि पेशंटने 'खाली आहे, येतो' दाबलं तर ते ताईच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. दोन्हीकडून बोलणं आलं म्हणून सॉकेट. फक्त नंबर दाखवायचा असता तर मी सर्व्हर सेंट इव्हेंट्स वापरले असते, ते ब्राउझरमध्येच असतात, तुटलं तर स्वतःच परत जोडतात, वेगळी लायब्ररी लागतच नाही.

थोडं आतलं सांगतो. साध्या एचटीटीपीत ब्राउझर विचारतो तेव्हाच सर्व्हर बोलतो, म्हणजे ते जिना चढून येणारे नातेवाईक म्हणजेच पोलिंग. वेबसॉकेटचा स्टँडर्ड २०११ च्या डिसेंबरमध्ये आला, आरएफसी ६४५५. ब्राउझर आधी साधीच एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवतो, त्यात अपग्रेडचा हेडर असते, सर्व्हर १०१ म्हणून उत्तर देतो आणि तेच टीसीपी कनेक्शन उघडं राहते, आता दोघंही पाहिजे तेव्हा बोलू शकतात. ब्राउझरमधला वेबसॉकेट चांगला आहे पण एकदम कोरा आहे: तुटला तर तुटला, परत जोडायचं तुम्ही, इव्हेंटला नाव नाही, पोचपावती नाही. ग्वियेर्मो राउखने २०१० मध्ये सॉकेट डॉट आयओ सुरू केलं, आणि या सगळ्या गोष्टी त्यात तयार मिळतात.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करून घ्या: सॉकेट डॉट आयओचा सर्व्हर असेल तर क्लायंट, म्हणजे ब्राउझरमधली बाजू, तीही त्याचीच लागते, साध्या वेबसॉकेटने तो जोडला जात नाही. कारण तो प्रत्येक मेसेजला आपलं स्वतःचं पाकीट लावतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये मेसेजच्या सुरुवातीला ४२ दिसते ना, त्यातला ४ म्हणजे खालच्या इंजिन आयओचा, म्हणजे कनेक्शन सांभाळणाऱ्या थराचा, 'मेसेज' आणि २ म्हणजे सॉकेट डॉट आयओचा 'इव्हेंट'. एकदा हे कळलं की ते फ्रेम वाचणं एकदम सोपं होऊन जाते.

आणि सॉकेट डॉट आयओ सुरुवात वेबसॉकेटने करत नाही! आधी लाँग पोलिंगने जोडतो, म्हणजे सांगायला काही येईपर्यंत सर्व्हर रिक्वेस्ट धरून ठेवतो, आणि मग जमलं तर वेबसॉकेटवर चढतो, कारण काही ऑफिसांच्या प्रॉक्सी आणि फायरवॉल वेबसॉकेट अडवतात आणि तिथेही माणसाचं काम थांबू नये. याची किंमत सर्व्हरच्या बाजूला मोजावी लागते. एकापेक्षा जास्त प्रोसेस चालवल्या तर एका क्लायंटच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच प्रोसेसकडे गेल्या पाहिजेत, नाहीतर 'सेशन आयडी अननोन' येते. आणि तुमच्या सर्व्हरच्या समोर रिक्वेस्ट पुढे ढकलणारा एन्जिनएक्स असेल तर अपग्रेडचा हेडर तो आपोआप पुढे पाठवत नाही, एचटीटीपी १.१ आणि अपग्रेड, कनेक्शन हे दोन हेडर त्याच्या सेटिंगमध्ये हाताने लिहावे लागतात. ते राहिलं तरी ॲप चालतच राहते, पोलिंगवर, गुपचूप, कोणाला कळतही नाही. म्हणून क्लायंटमध्ये ट्रान्सपोर्टचं नाव, म्हणजे पोलिंग की वेबसॉकेट, कुठेतरी लॉग करत जा.

आता तुटण्याकडे येतो, कारण सगळा जीव तिथेच आहे.

पेशंट पेज उघडतो, नंबर बघतो, फोन खिशात टाकतो आणि चहा घेतो. स्क्रीन बंद झाली की फोन थोड्या वेळात पेज गोठवून टाकतो. किंवा मे महिन्यात दुपारी लाइट जाते, टीव्ही इन्व्हर्टरवर असतो पण राउटर नसतो. क्लायंटला हे कळते कसं? डिफॉल्टमध्ये सर्व्हर दर २५ सेकंदांनी पिंग, म्हणजे 'आहेस का' असा छोटा मेसेज, पाठवतो आणि २० सेकंद पाँगची, म्हणजे त्याच्या उत्तराची, वाट बघतो. तिसऱ्या व्हर्जनच्या आधी पिंग क्लायंट पाठवायचा, पण मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर हळू करून टाकतो म्हणून २०२० मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली, आणि मला तो फार समजूतदार निर्णय वाटतो. पण हिशोब करा, पिंग आला नाही हे क्लायंटला कळायला २५ आणि २० मिळून ४५ सेकंद जाऊ शकतात, तेवढा वेळ टीव्ही जुनाच नंबर अगदी विश्वासाने दाखवत बसते. दवाखान्यात ते चालत नाही, आम्ही दोन्ही आकडे १० वर आणले. ट्रॅफिक थोडं वाढते, चालते.

कळल्यावर क्लायंट स्वतःच परत जोडायला लागतो. पहिला प्रयत्न साधारण एका सेकंदाने, मग दुप्पट, जास्तीत जास्त पाच सेकंदांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा रँडम फरक टाकतो, म्हणजे लाइट आल्यावर सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. स्वतःहून तो कधी हार मानत नाही. अपवाद हा की सर्व्हरनेच बाहेर काढलं असेल, किंवा आत येतानाच मिडलवेअरने, म्हणजे सर्व्हरवरच्या दारातल्या तपासणीने, नाही म्हटलं असेल, तर तो आपोआप परत जात नाही, तिथे हाताने कनेक्ट बोलवावं लागते. म्हणून डिसकनेक्टचं कारण वाचत जा, ते स्ट्रिंगमध्ये मिळते.

बरं, परत जोडलं गेलं. मधे गेलेले नंबर? ते गेले. सर्व्हर तुटलेल्या क्लायंटसाठी डिफॉल्टमध्ये काहीच साठवून ठेवत नाही, क्रम बिघडणार नाही याची हमी आहे पण पोचेलच याची नाही. ४.६ पासून, म्हणजे २०२३ पासून, थोड्या वेळापुरतं मधलं सगळं परत देण्याची सोय आली आहे, चांगली आहे, पण सगळ्या अडॅप्टरवर, म्हणजे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या भागांवर, चालत नाही आणि दरवेळी जमेलच असंही नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: कनेक्ट झालं की, पहिल्यांदा असो की पन्नासाव्यांदा, सर्व्हरने पूर्ण स्थिती पाठवायची. आणि इव्हेंटमध्येही 'एकने वाढव' असं कधी पाठवायचं नाही, 'आता २७ सुरू' असं पाठवायचं, म्हणजे मधले चार हुकले तरी पाचवा सगळं जाग्यावर आणते.

उलट्या दिशेला याहून धोक्याची गोष्ट आहे. कनेक्शन नसताना क्लायंटने जे एमिट केलं, म्हणजे पाठवलं, ते हरवत नाही, ते बफरमध्ये साचते आणि जोडलं गेलं की सगळं एकदम सुटते. चॅटला हे वरदान आहे. पण विचार करा, डॉक्टरांनी 'पुढचा' दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, परत दाबलं, आणि लाइट आली तशी तीन पेशंट एका झटक्यात पुढे सरकले, बाहेर बालाघाटहून पहाटे निघालेली एक म्हातारी बाई बसली आहे आणि तिचा नंबर येऊन गेला. हे होऊच द्यायचं नाही! म्हणून 'पुढचा' सोबत सध्याचा नंबरही जातो, '२६ झाला, पुढचा द्या', आणि सर्व्हरवर २६ सुरू नसेल तर तो नाही म्हणतो. सोबत पोचपावती टाइमआउटसकट मागायची, ती येईपर्यंत बटण बंद. लायब्ररीत आता आपोआप परत पाठवायची सोयही आहे, पण मग तोच मेसेज दोनदा पोचू शकते, म्हणजे नंबराची ती तपासणी लागतेच लागते.

छोट्या दोन गोष्टी. सॉकेटचा आयडी प्रत्येक नव्या कनेक्शनला बदलतो, त्याला पेशंटची ओळख समजू नका, ओळखीचं टोकन कनेक्ट होतानाच्या ऑथमधून पाठवा आणि रूममध्ये, म्हणजे क्लायंटच्या गटात, टाकायचं काम सर्व्हरवरच्या कनेक्शनच्या हँडलरमध्ये करा. आणि क्लायंटमध्ये बाकीचे हँडलर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारे फंक्शन, कनेक्टच्या आत लिहू नका, बऱ्याच पोरांच्या कोडमध्ये हे दिसते, प्रत्येक रिकनेक्टला एक हँडलर वाढतो आणि टीव्हीवरची घंटी आधी दोनदा मग तीनदा वाजायला लागते. रिॲक्टमध्ये असाल तर इफेक्टच्या क्लीनअपमध्ये ते हँडलर ऑफ करा.

आणि खिशातल्या फोनचं काय, तर गोठलेलं पेज कोणतीही लायब्ररी जागं करू शकत नाही. आम्ही पाच नंबर आधी एसएमएस पाठवतो, पेज उघडलं की ताजी स्थिती येते, दोन्ही मिळून काम भागते. सॉकेटने सगळंच करावं हा हट्ट पेशंटच्या मुळावर येते.

टेस्ट करायचं असेल तर लोकलहोस्टवर करू नका. दोन फोन घ्या, एक वायफायवर एक डेटावर, पेज उघडा, एकाची स्क्रीन बंद करा, राउटरचा प्लग काढा, त्या वेळात डेटावरच्या लॅपटॉपवरून 'पुढचा' दाबा, मग सर्व्हरही एकदा रीस्टार्ट करा, आणि सगळं परत जोडल्यावर टीव्ही, दोन्ही फोन आणि ताईची स्क्रीन यांच्यावर एकच आकडा आहे का ते पाहा. नसेल तर कनेक्ट झाल्यावर स्थिती पाठवणारा कोड आधी उघडायचा.